उत्क्रांती, सृष्टिवाद की दोन्ही? शाळेचा निर्णय घेणाऱ्यांसाठी सांगलीकडून एक तुलना

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. जूनमध्ये तो सुरू झाला की विश्रामबागच्या आमच्या क्लासवर कुणीतरी पालक येतंच आणि चपला काढता काढता विचारतं, "मॅडम, पोराला माकडापासून झालो म्हणून शिकवताय व्हय?" बहुतेक वेळा हसत हसत विचारतात, कधी कधी हसत नाहीत. आणि हल्ली त्याला एक जोड आलीय, "शिकवा की, पण आपलं पण सांगा, दोन्ही बाजू सांगा, पोरं ठरवतील त्यांची." हे ऐकायला इतकं समंजस वाटतं की नाही म्हणायला जीभच रेटत नाही. संस्थेचे विश्वस्त, जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीतले पालक, पोराला कुठल्या बोर्डाला घालावं या विचारात असलेले आईबाप, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच. त्यांच्यासाठी हे लिहितेय, लांबलंय जरा, सवडीनं वाचा.

माझा कौल आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटी फसवल्यासारखं नको वाटायला. विज्ञानाच्या तासाला उत्क्रांती, आणि ती पण नीट, आपल्या रानातली उदाहरणं घेऊन. सृष्टी कशी झाली याच्या कथा शाळेत जरूर याव्यात पण मराठीच्या, इतिहासाच्या तासाला. "दोन्ही" हा पर्याय कागदावर मध्यममार्गी दिसतो, वर्गात उतरवायला गेलं की टिकत नाही.

आता तुलना.

सगळ्यात आधी हे विचारा: सृष्टिवाद, पण कुणाचा?

अमेरिकेत हा प्रश्न त्या मानाने सोपा होता, तिथे सृष्टिवाद म्हणजे बायबलमधली उत्पत्तीची कथा, सहा दिवसांत देवाने सगळं निर्माण केलं ही. तिचा शब्दश: हिशोब धरणारे पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं सांगतात, सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी तर बायबलमधल्या पिढ्या मोजून निर्मितीचं साल इसवी सन पूर्व ४००४ काढलं होतं. आता गंमत अशी की सगळे ख्रिश्चनही हे मानत नाहीत, कॅथलिक चर्चने १९५० मध्ये उत्क्रांतीवर संशोधन-चर्चा करायला हरकत नाही म्हटलं आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती नुसत्या गृहीतकाच्या पुढे गेलीय असं सांगितलं. म्हणजे देव मानायचा तर डार्विन सोडायचा अशी काही सक्ती नाही, हे त्यांच्याच घरात ठरलेलं आहे.

आपल्याकडे बघा. सांगली-मिरजेचा कुठलाही पन्नास पोरांचा वर्ग घ्या. त्यात जैन पोरं असणारच, आणि जैन धर्मात जगाचा निर्माता कुणी नाहीच, विश्व अनादि-अनंत आहे. त्या पोराला तुम्ही "देवाने सृष्टी निर्माण केली" शिकवणार तर ते त्याच्या घरच्या शिकवणीच्या थेट उलट. मिरजेची मुस्लिम पोरं असतील त्यांची कथा आदमची. मिशनच्या वस्तीतली पोरं असतील. वैष्णव घरात विष्णूच्या नाभीतून कमळ आणि कमळातून ब्रह्मदेव. धनगरांच्या कथेत मेंढरं वारुळातून बाहेर आली, आणि आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेला जाणाऱ्या घरातल्या पोराला ती कथा तुमच्या आमच्यापेक्षा चांगली येते. बौद्ध घरातल्या पोराला विचाराल तर बुद्धांनी जग शाश्वत आहे का नाही असल्या प्रश्नांना उत्तरच द्यायचं टाळलं होतं. आणि वेदातलंच घ्यायचं म्हणाल तर पुरुषसूक्त घेणार का? त्यात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायापासून शूद्र आहे. हे विज्ञान म्हणून वर्गात वाचून दाखवायची तयारी कुणाची आहे ते सांगा, मग पुढं बोलू. त्याच ऋग्वेदात नासदीय सूक्त आहे जे शेवटी म्हणतं की ही सृष्टी कुठून आली ते वरून बघणाऱ्यालाच माहीत, किंवा त्यालाही माहीत नसेल. मला स्वत:ला हे सूक्त फार आवडतं, पण त्यावर पाच मार्कांचा प्रश्न कसा काढायचा?

म्हणजे "दोन्ही" म्हणताना आपण दोन धरतो, प्रत्यक्षात एक वर्ग एवढाच धरला तरी सात-आठ होतात. त्यातली एक निवडली की बाकीच्या घरांवर अन्याय, सगळ्या घेतल्या की तो विज्ञानाचा तास राहिला नाही. (आणि खरं तर तो फार भारी मराठीचा तास होईल, त्यावर खाली.)

दशावताराचं काय?

हे येतंच. "मॅडम, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, हीच की उत्क्रांती, आपल्याकडे आधीच होती." २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी हेच व्यासपीठावरून सांगितलं, डार्विनपेक्षा दशावतार पुढचा म्हणून, आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला. क्रम दिसायला जुळतो हे मान्य, पाण्यातला, मग पाण्या-जमिनीवरचा, मग जमिनीवरचा. पण उत्क्रांतीचा गाभा क्रम नाहीये, गाभा आहे वंश. एका जातीत फरक असतात, काही फरक पुढच्या पिढीत जास्त उतरतात, असं लाखो वर्षं चालून नव्या जाती होतात. मत्स्यावताराच्या पोटी कूर्म जन्मला असं कुठलंच पुराण म्हणत नाही, प्रत्येक अवतार वेगळ्या कामासाठी येतो आणि जातो. दोन गोष्टींचं काम वेगळं, एकीला दुसरीची पावती कशाला लागते.

आणि आपल्या भागात तर आणखी एक अडचण. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. त्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरीत याच अवतारांचा अर्थ बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या असा लावला, मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक घेऊन. तुम्ही दशावतार विज्ञानात आणलात तर कुणीतरी फुल्यांचं वाचन घेऊन उभं राहणार आणि त्याचं बरोबरच असेल. इतिहासाच्या तासाला हा वाद अप्रतिम आहे, जीवशास्त्राच्या तासाला तो कुणालाच न्याय देत नाही.

उत्क्रांतीच्या बाजूला काय आहे

"कुणी बघितलंय माकडाचा माणूस होताना?" हा प्रश्न नुसता चौकातला नाही, जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आत्ताच्या संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हेच म्हटलं होतं की आपल्या पूर्वजांनी असं कुठे लिहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे, शाळेतून बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून विरोध केला आणि प्रकाश जावडेकर, जे त्यांचेच वरिष्ठ मंत्री होते, त्यांनी असली विधानं टाळा म्हणून सांगितलं.

तर कुणी बघितलंय? तासगाव-पलूसच्या द्राक्षवाल्याने बघितलंय. दावण्या म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी एकाच गटातलं औषध लागोपाठ मारत राहिलं तर ते एक दिवस लागू पडायचं बंद होतं. का? बुरशीच्या लाखो बीजाणूंत दोन-चार असे असतात ज्यांना ते औषध बाधत नाही, बाकीचे मरतात, हे उरतात, यांची पिलावळ वाढते, पुढच्या वेळी बागेत बहुतेक तेच. औषध कमजोर झालं नाही, बुरशीची वस्ती बदलली. मेटॅलॅक्झिल युरोपातल्या द्राक्षबागांत १९८० च्या दशकातच फसायला लागलं ते याच कारणाने. कृषी केंद्रवाला सांगतो ना की अण्णा, या फवारणीला गट बदला, ते अण्णा डार्विनचंच ऐकत असतात, नाव माहीत नसतं एवढंच. दवाखान्यात टीबीच्या गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका म्हणून डॉक्टर का ओरडतात, तेच कारण.

निवड माणसाने केली तर काय होतं ते आपल्याला आणखी चांगलं माहिती. जतची माडग्याळ मेंढी, तिचं ते बाकदार नाक. माणदेशचा खिलार, पिढ्यान्‌ पिढ्या कुठला वळू लावायचा ते ठरवून घडवलेला. थॉम्पसन द्राक्षाच्या बागेत वेगळी दिसलेली वेल निवडून तिच्यापासून तास-ए-गणेश ही जात केली ती तासगावकडच्या शेतकऱ्यांनी. डार्विनने १८५९ च्या त्याच्या ग्रंथात पहिलं प्रकरण याच्यावरच घातलंय, त्याचे खिलार म्हणजे कबुतरं. आधी माणसाची निवड दाखवली मग निसर्गाची. मी पण वर्गात याच क्रमाने शिकवते आणि शेतकऱ्याच्या पोरांना शहरातल्या पोरांपेक्षा हे आधी कळतं, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

आणि निसर्गातलं मोजून बघितलेलं? गॅलापागोस बेटांतल्या डॅफ्ने मेजर नावाच्या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ ला तिथं दुष्काळ पडला. माणदेशातल्या माणसाला दुष्काळ समजावून सांगायला नको, आधी मऊ बारीक बिया संपल्या, राहिल्या मोठ्या टणक. ज्यांची चोच दणकट ते जगले, बाकीचे बहुतेक मेले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. नंतर १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि निवड उलट्या बाजूला झुकली, आता बारीक चोचवाले फायद्यात. म्हणजे यात "वरची पायरी, खालची पायरी" असं काही नाही, त्या वेळेला जे चाललं ते टिकलं.

साताऱ्याच्या बाजूला या, चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथं अभ्यास करून २०१८ मध्ये छापलं, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी, त्यामुळे तिथले सरडे, ते गळ्याला रंगीत पंखा असणारे, संख्येने जास्त, आणि माणूस जवळ आला तरी उशिरा पळतात. आता नीट ऐका, ही काही नवी जात तयार झाली असं नाही, सरड्याचं वागणं बदललंय, त्यातलं किती पुढच्या पिढीत उतरतं हा पुढचा प्रश्न. पण निवडीचा दाब म्हणजे काय ते पोराला दाखवायला एसटीने जाता येईल अशा अंतरावरचं उदाहरण आहे आणि आपण पुस्तकातला जिराफ रंगवत बसतो! त्याच चाळकेवाडीवरून २००८ मध्ये पालीची एक नवीन प्रजाती नोंदली गेली, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

कासचं सांगायलाच नको. जांभ्याच्या कातळावर इंचभर माती, त्यात नत्र जवळजवळ नाही. म्हणून तिथं दवबिंदू नावाची वनस्पती किडे पकडून खाते, सीतेची आसवं नावाचं ते इवलं निळं-जांभळं फूल जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतं. वायतुरा तर साताऱ्याकडच्या पठारांवर सापडणारा, बाहेर शोधायला गेलात तर हात हलवत परत. एवढ्याशा तुकड्यावर इतक्या जाती का, आणि याच का, याला उत्क्रांतीशिवाय दुसरं उत्तर देऊन बघा.

माकडाचं पण एकदा मिटवून टाकू. आजच्या माकडाचा माणूस झाला असं कुणीच म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, फाटे फुटले ते साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. चिंपांझीला गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३, मग एक गेली कुठं? आपलं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जोडली गेलेली आहेत, जोडाची खूण अजून मध्ये सापडते. चुलत भाऊ अजून गावात राहतो म्हणून तुमचे आजोबा खोटे ठरत नाहीत.

फक्त सृष्टिवाद शिकवला तर

हा पर्याय पटकन उरकते कारण आपल्याकडे उघडपणे कुणी मागत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवायलाच बंदी घातली, डेटन गावच्या जॉन स्कोप्स नावाच्या तरुण मास्तरवर खटला झाला, १०० डॉलर दंड झाला, पुढे वरच्या कोर्टाने तांत्रिक कारणावरून तो रद्द केला. खटल्याची आयडिया गावच्या पुढाऱ्यांचीच होती, गावाचं नाव होईल म्हणून, आणि झालं ते. पण कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच राहिला. ज्या पोरांनी तिकडे त्या काळात बायोलॉजी शिकली त्यांच्या पुस्तकांतून हा विषय गुपचूप कमी होत गेला, तोटा त्यांचा. आपल्या पोराने मेडिकलची NEET परीक्षा द्यायची असेल तर जेनेटिक्स अँड एव्होल्यूशन हे युनिटच आहे सिलॅबसमध्ये, तिथे श्रद्धा कामाला येत नाही.

आणि भूगोलाचं काय करणार? अजिंक्यतारा ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. (ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, त्यामुळे आपल्याकडचा आस्तिक माणूस मोठ्या आकड्याला घाबरत नाही, ही आपली एक सोय आहे. पण आकडा जवळ येणं वेगळं आणि खडकातलं युरेनियम मोजून काढणं वेगळं.)

दोन्ही शिकवलं तर

लुइझियाना राज्याने हाच समंजस दिसणारा कायदा केला, उत्क्रांती शिकवायची असेल तर सृष्टिविज्ञानही तेवढंच शिकवा. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने तो मोडला, कारण हेतू धार्मिक होता. मग तीच गोष्ट बुद्धिमान रचना या नव्या नावाने आली, कुणीतरी हुशार रचनाकार असणार, तो कोण ते आम्ही म्हणत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने ठराव केला की नववीच्या पोरांना एक निवेदन वाचून दाखवायचं, डार्विनमध्ये फटी आहेत, दुसरं पुस्तक लायब्ररीत आहे, वाचा. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला. ते एकटे पडतील असं वाटलं असेल मंडळाला, पण अकरा पालक कोर्टात गेले. त्या दुसऱ्या पुस्तकाचे जुने कच्चे मसुदे तिथे निघाले आणि दिसलं की १९८७ च्या निकालानंतर सृष्टिवादी हा शब्द काढून त्या जागी रचनावादी टाकलाय, बाकी मजकूर तोच, आणि एका ठिकाणी घाईत दोन्ही शब्दांची खिचडी राहून गेलेली. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला की हे विज्ञान नाही. हे जोन्स कुणी नास्तिक चळवळीतले नव्हेत, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले. निकालाच्या आधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत ठरावाच्या बाजूचे आठच्या आठ उमेदवार पडले होते आणि वकिलांच्या फीपोटी शाळेला दहा लाख डॉलर भरावे लागले.

विश्वस्तांनो, शेवटचं वाक्य परत वाचा. एका निवेदनाची किंमत.

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे पण मोकळं रान नाही. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणजे जि.प. शाळेचा प्रश्न तिथेच मिटला. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय पोराला सक्ती करता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केलाय, म्हणून कथा सांगायला कुणी अडवत नाही. शिवाय १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५१ क, वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य. आणि २०२३ मध्ये एक गृहस्थ डार्विन आणि आइन्स्टाइन दोघंही चूक आहेत, शिकवणं थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले होते, न्यायालयाने तुम्हाला चूक वाटत असेल तर तुमचा सिद्धांत मांडा, आम्ही काय करणार, या अर्थाचं सांगून परत पाठवलं.

"दोन्ही"च्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला खरंच पटतो. पोराला नुसतं पाठ करायला लावण्यापेक्षा वाद ऐकू द्या. बरोबर आहे. पण मग खरे वाद द्या ना, विज्ञानाच्या आतले, ते आपल्याच पुस्तकात आहेत. लामार्क म्हणाला जिराफाने मान ताणली म्हणून लांब झाली आणि ती पोरांत उतरली, डार्विन म्हणाला नाही, लांब मानेचे जगले. मग वाइजमानने पिढ्यान्‌ पिढ्या उंदरांच्या शेपट्या तोडल्या, पिल्लं शेपटीवालीच जन्मत राहिली. दोन बाजू, एक प्रयोग, एक निकाल. आणखी पुढं जायचं तर १९७२ मध्ये गूल्ड आणि एल्ड्रेज म्हणाले बदल सावकाश सारखा होत नाही, बराच काळ स्थिर आणि मग भराभर, त्यावर अजून भांडणं चालतात. उत्क्रांती कशी होते यावर शास्त्रज्ञ कचाकच भांडतात, होते की नाही यावर नाही.

उत्क्रांतीवाल्यांच्या घरातला कचरा

नुसतं गुणगान नको. धडा आहे म्हणजे शिकवला जातो असं नाही. कित्येक ठिकाणी मास्तर स्वत:च म्हणतात, "पोरांनो हे मार्कापुरतं लिहा, मनावर घेऊ नका." अवशेषांगांवर टीप, जोडणाऱ्या दुव्यांची उदाहरणं, पेरिपॅटस, बदकचोच्या प्लॅटिपस, लंगफिश, घोका आणि पुढे. असं शिकलेलं पोरगं बारावीनंतरही चौकातला तोच प्रश्न विचारतं. असल्या उत्क्रांतीपेक्षा चांगला सांगितलेला दशावतार बरा, निदान गोष्ट तरी लक्षात राहते.

दुसरं जास्त गंभीर. नैसर्गिक निवड म्हणजे बळी तो कान पिळी असं सांगून मोकळे होणारे बरेच आहेत, आणि मग कुणीतरी उच्च-नीच, जात, वंश यालाच विज्ञानाचा शिक्का मारतं. हे पोकळ भय नाही, स्कोप्सच्या खटल्यात जे जीवशास्त्राचं पुस्तक होतं त्यात उत्क्रांतीबरोबर वंशश्रेष्ठत्वाची घाणही होती, लोक ते विसरतात. उत्क्रांती शिकवायची तर हे पण शिकवा की मोठी चोच पावसाळ्यात निरुपयोगी ठरली, "श्रेष्ठ" नावाचा गट निसर्गाच्या वहीत नसतो.

तिसरं, पोराला घरापासून तोडू नका. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सुद्धा देव मानू नका असं कधी म्हटलं नाही, फसवणुकीला विरोध म्हटलं. वर्गात "तुमच्या आज्जीला काही कळत नाही" या सुरात शिकवणारा शिक्षक उत्क्रांतीचं जेवढं नुकसान करतो तेवढं कुठला मंत्री करत नाही. आज्जीची वारुळाची कथा मराठीच्या तासाला येऊ दे, पोराने ती घरून लिहून आणू दे, सात घरच्या सात कथा फळ्यावर लागू देत, मग बघा वर्ग कसा ऐकतो ते. तिथे खरं-खोटं ठरवायचं नसतं, म्हणूनच ती जागा चांगली.

बोर्ड निवडणाऱ्यांसाठी

राज्य मंडळाच्या या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे आणि पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये पण तिची तोंडओळख आहे. सीबीएसईकडे २०२२ मध्ये ओझं कमी करायच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या धड्यातून उत्क्रांती काढली, आनुवंशिकता तेवढी ठेवली, २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. बारावी बायोलॉजीत ती राहिली. पण दहावीनंतर किती पोरं बायोलॉजी घेतात? कॉमर्सला, डिप्लोमाला गेलेल्या पोराने मग हा विषय शाळेत धड वाचलेलाच नसतो. इथे बऱ्याच पालकांचा अंदाज उलटा निघतो, गावातली साधी रयतची मराठी शाळा या एका बाबतीत टायवाल्या शाळेच्या पुढे होती. पुस्तकं बदलत राहतात, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी त्या वर्षाची अनुक्रमणिका मागून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात हे खरं, पण अभ्यासक्रम समिती ठरवत नाही, तेव्हा "दोन्ही शिकवा" असा ठराव करून काही होत नाही. समितीने करायचं असेल तर एवढं करावं: या धड्याला पूर्ण तास मिळतात का ते बघावं, शिक्षकाला कुणी दमदाटी केली तर त्याच्या मागे उभं राहावं, आणि सहलीचे पैसे मंजूर करावेत. खासगी शाळा बघायला गेलात तर मुख्याध्यापकांना नको, थेट विज्ञानाच्या सरांना विचारा की आजची माकडं का राहिली. उत्तर देताना ते चिडले, हसले की समजावायला बसले, त्यावर तुमचं काम होतं.

आणि सहल. धडा जून-जुलैत होतो, कास फुलतं ते ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर, मध्ये सत्र परीक्षा आडवी येते ती बघून तारीख धरा. येताना ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडी करता येते. पंखावाले सरडे मात्र त्या दिवसांत दिसतील या भरवशावर जाऊ नका, त्यांचा तोरा उन्हाळ्यातला. ऑक्टोबर छाटणी झाली की पलूसकडच्या एखाद्या पालकाच्या बागेत पोरांना न्या आणि औषधांच्या बाटल्यांवरचे गट वाचायला लावा, फक्त फवारणीच्या दिवशी नको. कासचं बुकिंग ऑनलाइन असतं, शनिवार-रविवार टाळा, पोरांपेक्षा सेल्फीवाले जास्त असतात.